स्थानिक पत्र आणि वाचकांचा भरवसा : कोकणातल्या बातमीदारांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतचे तालुका वार्ताहर, साप्ताहिकांचे संपादक, पोर्टल आणि यूट्यूब चॅनेल चालवणारी तरुण मंडळी आणि काही चोखंदळ वाचक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे लागत असेल तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. कायद्याची माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. प्रकरण अंगाशी आलं तर वकील गाठा.

१. अंक खपतो, व्हिडिओला व्ह्यूज मिळतात. म्हणजे लोकांचा आमच्यावर विश्वास आहेच ना?

लोक तुमच्याकडे बघतात, एवढंच त्यातून कळतं. घाटात उलटलेल्या टँकरचा व्हिडिओ कुणीही टाकला तरी बघितला जातो. विश्वासाची परीक्षा अफवा उठल्यावर होते. गावातला माणूस "हे खरं काय हो?" म्हणून तुम्हाला फोन करतो, की तुमचीच बातमी दुसऱ्या कुणाला विचारून खात्री करून घेतो?

शहरात वाचकाला बातमीदाराचं फार तर नाव माहीत असतं. इथे तो कुणाचा कोण, कुणाच्या गाडीतून फिरतो, मेहुण्याचा खडी क्रशर कुठे आहे, हे सगळं ठाऊक असतं. त्यामुळे नावाखाली "निर्भीड आणि निःपक्ष" छापून काही साधत नाही. बातमी कुठून आली आणि पैसे कुणाचे हे लोक बघतातच, पण सगळ्यांत बारकाईने बघतात ते बातमी छापून झाल्यावर तुम्ही त्या वाडीत परत फिरकलात का. आमच्या मते स्थानिक पत्राची पत तिथे ठरते. पुढच्या बऱ्याच उत्तरांत हा मुद्दा डोकावेल.

२. साप्ताहिक दोन माणसांचं आहे. सुरुवात कुठून करायची?

मालकापासून. मालक कोण, संपादक कोण, मालकाचे इतर धंदे कोणते (बांधकाम, वाळू, हॉटेल), पक्षात पद आहे का, तक्रार कुणाकडे करायची, हे एका चौकटीत साध्या मराठीत छापा. मार्चच्या सुरुवातीला मालकीचं निवेदन मुंगीएवढ्या टायपात छापायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. ते कुणी वाचू नये अशाच बेताने छापलेलं असतं. तेच मोठ्या अक्षरात आलं तर अर्धी कुजबुज थांबते.

मग एकच विषय धरा आणि तो सोडू नका. आमची शिफारस ग्रामसभेची. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखांच्या आसपास गावोगाव ग्रामसभा होतात. सगळीकडे जाणं शक्य नाही, पण चार-पाच गावं ठरवून घ्या. मागच्या सभेत ठरलेली पाखाडी (दगडी पायवाट), नळयोजना, स्मशानशेड यांचं काय झालं, ते पुढच्या सभेच्या आदल्या आठवड्यात छापा. दुसऱ्या वर्षी लोक तो अंक सभेत घेऊन येतात आणि सरपंचालाही उत्तर तयार ठेवावं लागतं.

३. लोक आधी व्हॉट्सॲपवर वाचतात. आम्ही ग्रुप काढावा की चॅनेल?

दोन्हींची कामं वेगळी आहेत. ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात, ती बोलू शकतात, पण प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. चॅनेलला अशी मर्यादा नाही आणि एका वाचकाला दुसऱ्याचा नंबर दिसत नाही, मात्र वाचकाला उलट बोलता येत नाही. म्हणून बातमी द्यायला चॅनेल ठेवा आणि ऐकायला एक वेगळा नंबर जाहीर करा. त्या नंबरावर आलेल्या प्रत्येक संदेशाला त्याच दिवशी निदान "मिळालं, बघतो" एवढं तरी उत्तर गेलं पाहिजे.

"आमच्या ग्रुपवर बायका बोलतच नाहीत" ही तक्रार नेहमी येते. नंबर उघडा पडल्यावर रात्री-अपरात्री कोण कोण मेसेज करतं, ते त्यांना विचारा म्हणजे कारण कळेल. बचत गटाच्या बैठकीला बातमीदार बाई गेली, तर पाण्यापासून दारूच्या अड्ड्यापर्यंत सगळे विषय अर्ध्या तासात निघतात.

४. गावात गेलो आणि "काय बातमी?" विचारलं, तर लोक पुढाऱ्याचं नाव नाहीतर मागण्यांची यादी सांगतात. विचारायचं तरी काय?

"गेल्या महिन्यात कुठल्या कामासाठी तालुक्याला फेऱ्या माराव्या लागल्या?" हा प्रश्न करून बघा. सातबारावरचं नाव, बंद पडलेली एसटी फेरी, दवाखान्यात नसलेली लस, सगळं त्यातून बाहेर येतं.

जाण्याची वेळही कळली पाहिजे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. तेव्हा तांडेल (बोटीचा प्रमुख) बंदरावर जाळी विणताना भेटतो आणि निवांत बोलतो. एप्रिल-मेमध्ये देवगडच्या बागायतदाराला बैठकीला बोलावलंत तर तो मनातल्या मनात तुम्हाला शिव्या देईल, कारण पेट्या वाशीला रवाना करायच्या असतात. लावणीच्या दिवसांत कुणी घरात सापडत नाही. बसायला जागा म्हणाल तर लिलावाचा धक्का, एसटी स्टँड, रेशन दुकानाची रांग. सरपंचाच्या पडवीत बसून गाव कळत नाही.

५. मानधन नावापुरतं मिळतं आणि घर जाहिरातीच्या कमिशनवर चालतं. अशा वार्ताहराने विश्वासाच्या गप्पा काय कराव्यात?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि तोच सगळ्यांत खरा आहे. सकाळी ज्या सरपंचाला शौचालयाच्या बिलाबद्दल विचारायचं, त्याच्याचकडे संध्याकाळी गणपतीच्या पुरवणीसाठी पान मागायचं. त्या सरपंचाला दोन्ही भेटी एकच वाटतात, आणि बघणाऱ्या गावालाही.

याचं खरं उत्तर मालकाकडे आहे: मानधन कितीही कमी असलं तरी ठरलेलं आणि ठरल्या तारखेला. त्यातही पेट्रोलचा खर्च वेगळा द्या. ठेकेदाराच्या गाडीतून रस्त्याच्या खड्ड्यांची बातमी करायला गेलेला वार्ताहर लोक विसरत नाहीत.

तेवढं जमेपर्यंत करता येण्यासारख्या काही गोष्टी आहेत. दोन शेजारच्या तालुक्यांतल्या वार्ताहरांनी जाहिरातींची अदलाबदल करावी. दापोलीचा माणूस गुहागरात जाहिराती गोळा करेल, गुहागरचा दापोलीत, आणि बातमी मात्र ज्याने त्याने आपापल्या तालुक्याची करायची. जाहिरातीचे दर अंकात छापावेत, म्हणजे "तुम्हाला म्हणून एवढ्यात" हा प्रकार बंद होतो. ज्याच्याविषयी बातमी चालू आहे त्याच्याकडे ती संपेपर्यंत जाहिरात मागू नये. त्याने आपणहून दिली तर संपादकाला कळवावं. पत्रकार परिषदेत चहा-वडा घ्यायला हरकत नाही, पाकीट परत करावं, आणि तेही सर्वांसमोर. हळूच परत केलेलं पाकीट घेतलंच असं धरलं जातं.

६. वाढदिवसाच्या जाहिराती बंद केल्या तर अंकच बंद पडेल. मग काय करायचं?

बंद करू नका, वेगळ्या ठेवा. चौकट, वेगळा टाईप आणि वर ठळक "जाहिरात". घोळ होतो तो "विकासपुरुष" असा मथळा देऊन बातमीच्या टायपात छापलेल्या अर्ध्या पानाने. तोच मजकूर शब्दशः दुसऱ्या पत्रातही आलेला असतो आणि वाचक दोन्ही शेजारी ठेवून हसतो.

निवडणुकीत हे अंगलटही येतं. लोकसभा-विधानसभेच्या वेळी जिल्ह्यात माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती असते. पेड न्यूजचा संशय आला तर उमेदवाराला नोटीस जाते, आणि पेड न्यूज ठरल्यास तो खर्च त्याच्या हिशेबात धरला जातो. उमेदवार तेव्हा तुमच्या बाजूने उभा राहील, या भ्रमात राहू नका.

७. चूक छापली गेली. दुरुस्ती कुठे आणि कशी द्यायची?

जिथे चूक झाली तिथेच. पहिल्या पानावरच्या चुकीची दुरुस्ती आतल्या पानावर कोपऱ्यात टाकली, तर ती लपवली असं लोक म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात. काय छापलं होतं आणि बरोबर काय आहे, दोन्ही लिहा. अधिकाऱ्याचं "बातमी निराधार आहे" असं पत्र छापल्याने दुरुस्ती होत नाही. ती त्याची बाजू झाली. तुमचं म्हणणं तपासून कायम ठेवायचं की मागे घ्यायचं, ते तुम्हीच सांगायचं.

ऑनलाइन बातमी गुपचूप बदलू नका, कारण कुणाकडे तरी स्क्रीनशॉट असतोच. वर दुरुस्तीची वेळ टाका आणि ज्या चॅनेलवर चुकीची बातमी गेली होती तिथेच दुरुस्ती पाठवा.

वाचकांसाठी एवढं: छापील पत्राविरुद्ध भारतीय प्रेस परिषदेकडे जाता येतं. आधी संपादकाला लेखी कळवावं लागतं आणि दैनिक-साप्ताहिकाच्या बाबतीत प्रसिद्धीपासून दोन महिन्यांत तक्रार करावी लागते. यूट्यूब चॅनेल तिच्या कक्षेत येत नाहीत.

८. पूर आणि वादळात लोकांना लगेच बातमी हवी असते. थांबलो तर मागे पडतो, घाई केली तर अफवा पसरते. मधला मार्ग आहे का?

आहे, पण तो पावसाळ्याआधी आखावा लागतो. मे महिन्यातच तहसीलचा नियंत्रण कक्ष, पाटबंधारे, महावितरण, बंदर खातं आणि नदीकाठच्या वाड्यांतली माणसं यांचे नंबर कागदावर लिहून ठेवा. कागदावरच, कारण ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन-मुरूड भागात वीज आणि मोबाइल दोन्ही गेले होते. अशा वेळी एसटी स्टँडवर किंवा देवळाच्या फळ्यावर लावलेलं हाताने लिहिलेलं पत्रक हीच बातमी असते. त्याची जागा आधी ठरवा.

बातमी देताना प्रत्येक ओळीला वेळ आणि नाव असू द्या: "सकाळी ७.१०, तहसील नियंत्रण कक्ष." "पाणी वाढतंय" असं तारीख-वेळेशिवाय पाठवलेलं वाक्य चार तासांनीही फिरत राहतं आणि पाणी ओसरल्यावर लोकांना पळवतं. हवामान विभागाचे इशारेही अर्थासह द्या: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. इशारा सहसा जिल्ह्यासाठी आणि ठरावीक दिवसासाठी असतो. कालचा लाल इशारा आज पुढे पाठवू नका.

चिपळूणसारख्या ठिकाणी पावसाच्या आकड्याबरोबर भरतीची वेळ द्यावीच लागते. मुसळधार पाऊस आणि समुद्राची भरती एकत्र आली की वाशिष्ठीचं पाणी उतरायला वाट राहत नाही. त्यात कोयनेच्या वीजगृहांतून सुटलेलं पाणी कोळकेवाडी धरणामार्गे याच नदीत येतं, म्हणून "धरणातून पाणी सोडलं का?" हा प्रश्न दर पुरात उठतो. २२ जुलै २०२१च्या महापुरानंतर तर तो कित्येक दिवस चालू होता. त्याचं उत्तर अंदाजाने देऊ नका. किती वाजता कुणाला विचारलं, काय उत्तर मिळालं, किंवा उत्तर मिळालंच नाही, जसं असेल तसं लिहा आणि पुढची माहिती कधी देणार ते सांगा.

खरी कसोटी पाणी ओसरल्यावर लागते. २ जुलै २०१९ला तिवरे धरण फुटलं, २२ जुलै २०२१ला तळियेवर दरड कोसळली. दोन्हीकडे त्या आठवड्यात कॅमेऱ्यांची रांग होती. पंचनाम्यात कुणाचं नाव राहिलं, भरपाई कुणाच्या खात्यात जमा झाली नाही, घरं कधी आणि कशी मिळाली, ही बातमी पुढची काही वर्षं चालते. मुंबईहून आलेला कॅमेरा त्यासाठी थांबत नाही, तिथे तुम्हीच लागता. तारखा आजच वहीत टाका: एक महिना, सहा महिने, वर्ष.

९. पर्ससीनवाले (यांत्रिक बोटीतून मोठं जाळं गोल टाकून मासे घेरणारे) म्हणतात तुम्ही रापणकरांचे (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांचे), रापणकर म्हणतात तुम्ही पर्ससीनवाल्यांचे. दोघंही नाराज आहेत म्हणजे आमचं बरोबर चाललंय ना?

तसं समजू नका. दोघांनाही तुमच्या बातमीत खोट दिसत असेल, आणि ती खरंच असेल. आधी माहिती तपासा.

या वादात पहिला प्रश्न बोट नेमकी कुठे होती हा. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याचा अधिकार चालतो. तिथे १९८१चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम लागतो. २०२१च्या दुरुस्तीने त्यातले दंड वाढवले. पुढे २०० मैलांपर्यंतचं क्षेत्र केंद्राचं. पर्ससीनवर ५ फेब्रुवारी २०१६च्या शासन आदेशाने निर्बंध आले आणि एलईडी दिव्यांची मासेमारी तर बंदच आहे. त्यामुळे "अवैध मासेमारी" लिहिण्याआधी अंतर कुणी मोजलं, परवाना कशाचा होता आणि जाळं कोणतं होतं, ही तीन उत्तरं हातात हवीत. ती नसतील तर "असा आरोप आहे" लिहा आणि कोण करतंय त्याचं नाव द्या.

दुसरं, "मच्छीमारांचा विरोध" असं सरसकट लिहू नका. रापणकर, गिलनेटवाला, ट्रॉलरवाला, पर्ससीनवाला यांची पोटं वेगवेगळ्या पाण्यावर भरतात. खलाशी तर बातमीत येतच नाही. रत्नागिरीच्या कित्येक बोटींवर तो नेपाळहून आलेला असतो आणि दंड झाला की त्याच्या मजुरीचं काय होतं, हे कुणी विचारत नाही. मासळी विकणाऱ्या बायकांना बाजारात काय मिळतं, काय मिळत नाही, ते सगळ्यांत आधी कळतं. एकदा त्यांच्यापासून सुरुवात करून बघा.

१०. मोठा प्रकल्प आला की गावात दोन तट पडतात. आम्ही भूमिका घ्यावी का?

अग्रलेखात जरूर घ्या, बातमीत नको, आणि दोन्ही एकमेकांपासून ओळखू येऊ द्या. जैतापूर, नाणार आणि मग बारसू या तिन्ही वेळा "स्थानिकांचं म्हणणं" या दोन शब्दांखाली फार वेगळी माणसं एकत्र कोंबली गेली. सातबारावर नाव असलेला पण मुंबईत राहणारा, कूळ, भावकीतला सामायिक हिस्सेदार, बागेतला मजूर, खाडीत मासे धरणारा, अलीकडेच जमीन घेतलेला परगावचा माणूस, यांतला कोण बोलतोय ते प्रत्येक वेळी सांगा.

सर्वांत उपयोगी काम जनसुनावणीच्या आधी होतं. २००६च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार जनसुनावणीची किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद अशा ठिकाणी लोकांना बघायला ठेवावा लागतो. मराठी सारांश कुठे मिळतो, किती वाजता मिळतो, मागितल्यावर खरोखर मिळाला का, एवढंच छापलं तरी दोन्ही तट तो अंक जपून ठेवतात.

११. बातमी मालवणीत किंवा संगमेश्वरी बोलीत द्यावी का?

व्हिडिओत अवश्य. छापील बातमी प्रमाण मराठीत ठेवा, पण माणसाचं बोलणं त्याच्या बोलीतच राहू द्या. एका गोष्टीची मात्र चीड येते: गंभीर विषय सगळे प्रमाण भाषेत आणि बोली फक्त विनोदी सदरात. आगरी, कोळी किंवा मालवणी बोलणाऱ्याला त्यातून काय संदेश जातो, ते वेगळं सांगायला नको.

१२. आमचे निम्मे वाचक मुंबईतले चाकरमानी आहेत आणि वर्गणीही तेच देतात. बातमी कुणासाठी लिहायची?

गावात राहणाऱ्यासाठी. मुंबईची वर्गणी आली की हळूहळू अंक शिमगा, पालखी आणि पावसातल्या कौलारू घरांच्या फोटोंनी भरू लागतो. चाकरमान्याला आवडतं, गावातल्या बाईला पाण्याचा टँकर कधी येणार ते मात्र कळत नाही. चाकरमान्यालाही खरा उपयोग असतो तो घरपट्टी, सामायिक सातबारा, ग्रामसभेचे ठराव आणि महामार्गाची स्थिती या बातम्यांचा. गणपतीत तो गावी येतो तेव्हा मुंबई मंडळ आणि गावकी यांची एकत्र बैठक होतेच. तिथे जाऊन नुसतं ऐका.

१३. माहितीचा अधिकार वापरून बातमी केली तर विश्वास वाढतो का?

मिळालेला कागद वाचकाला दाखवलात तर वाढतो. अर्जाला १० रुपये शुल्क आणि उत्तराला ३० दिवस. जिवाशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती असेल तर ४८ तास. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, म्हणून मोघम न विचारता कामाचं नाव, वर्ष आणि "मोजमाप पुस्तिकेची प्रत" असं नेमकं मागा. उत्तर नाही आलं तर पहिलं अपील करा. आलेला कागद पोर्टलवर जसाच्या तसा टाका, फक्त खासगी व्यक्तींचे पत्ते आणि नंबर झाका.

१४. पत्रकार दिनाला आम्ही सत्कार समारंभ करतो. वाचकांसाठी वेगळं काय करता येईल?

६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. त्या दिवशी पुढाऱ्याच्या हस्ते शाल घेण्यापेक्षा कार्यालयाचं दार उघडा. वर्षभरात छापलेल्या दुरुस्त्या, उत्पन्न कुठून आलं त्याचा ढोबळ हिशेब आणि अर्धवट राहिलेल्या बातम्यांची यादी भिंतीवर लावा. भजी आणि चहा ठेवलात तर माणसं येतातच.

१५. वार्ताहरच ग्रामपंचायत सदस्य किंवा देवस्थानचा मानकरी असेल तर?

लहान गावात हे टाळता येत नाही. नियम एकच ठेवा: ज्या संस्थेत त्याचं पद, त्या संस्थेची बातमी शेजारच्या गावच्या वार्ताहराने करायची. तेही शक्य नसेल तर बातमीखाली एका ओळीत संबंध जाहीर करावा. पालखीच्या मानाचा वाद असेल तर मानकऱ्याने पेन खाली ठेवावं, यात सवलत नाही.

१६. आमच्या गावात एका घराला वाळीत टाकलंय. छापलं तर गाव आम्हालाही वाळीत टाकेल.

ही भीती खोटी नाही. रायगडमधून अशी प्रकरणं वारंवार पुढे आली आहेत. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१६चा, अंमल २०१७पासून. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पीडिताला पोलिसांकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

बातमी गावातल्या वार्ताहराच्या नावाने देऊ नका, तालुका कार्यालयातून द्या. त्या कुटुंबाला विचारल्याशिवाय तर मुळीच नको. ते समेटाच्या बोलण्यात असतील तर बातमीने सगळं बिघडू शकतं. गावकीचं म्हणणंही घ्या. ती बहुधा "आम्ही कुणाला टाकलेलं नाही, फक्त बोलत नाही" असं सांगते. ते वाक्य जसंच्या तसं छापा. आणि छापल्यावर परत जायचं, ते प्रश्न १मध्ये आलंच आहे. इथे त्या घराला त्याची सगळ्यांत जास्त गरज असते.

१७. नाव न छापण्याच्या अटीवर माहिती मिळाली. छोट्या कार्यालयात नाव न देताही माणूस ओळखू येतो, मग?

"पंचायत समितीतील एका कर्मचाऱ्याने सांगितलं" असं लिहिलंत आणि त्या विभागात तीनच कर्मचारी असतील, तर नावच छापल्यासारखं झालं. अशा माणसाची माहिती दिशा म्हणून वापरा आणि कागद माहितीच्या अधिकारातून मिळवा (प्रश्न १३). मग बातमी कागदाच्या नावावर जाते. "सूत्रांकडून समजतं" ही ओळ जितकी कमी वापराल, तितकी गरजेच्या वेळी ती मानली जाईल.

१८. अत्याचाराच्या बातमीत नाव देत नाही, फक्त वाडी देतो. तेवढं चालतं ना?

चालत नाही. मूल असेल तर पोक्सो कायद्याचं कलम २३ नाव, पत्ता, फोटो, कुटुंब, शाळा आणि परिसर यांपैकी ओळख पटवणारं काहीही देऊ देत नाही. वीस घरांच्या वाडीत आरोपीचं नातं लिहिलं, "सावत्र बाप" वगैरे, तरी मुलगी कोण ते उघड होतं. प्रौढ पीडितेसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे, आणि पीडिता मरण पावली असली तरी ओळख जपायची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट केलं आहे. तालुक्याचं नाव पुरे. बातमीखालच्या कमेंटमध्ये कुणी नाव टाकलं तर ते लगेच काढा.

आत्महत्येच्या बातमीतही पद्धत, चिठ्ठीतला मजकूर आणि घराचा फोटो नको. प्रेस परिषदेची २०१९ची मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात. शेवटी टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या.

१९. धमकी आली तर बातमी थांबवायची का?

फेब्रुवारी २०२३मध्ये राजापुरात पत्रकार शशिकांत वारिशे यांना गाडीने उडवण्यात आलं, दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला आणि पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवला. त्यामुळे "काही होत नाही" असा सल्ला आम्ही कुणाला देणार नाही. धमकीची लेखी तक्रार त्याच दिवशी द्या आणि पोच घ्या. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्याचा २०१७चा कायदा आहे, पण त्याची व्याख्या नोंदणीकृत माध्यमसंस्थांभोवती बांधलेली आहे. एकट्याने चॅनेल चालवणाऱ्याने त्यावर विसंबू नये. कागदपत्रांच्या प्रती दोन ठिकाणी ठेवा. जमत असेल तर तीच बातमी दोन-तीन पत्रांनी एकाच दिवशी छापावी. स्पर्धा असली तरी अशा वेळी प्रतिस्पर्ध्याला फोन करायचा.

२०. पाच वर्षांपूर्वीच्या अटकेची बातमी काढून टाका, असं एक जण म्हणतोय. तो निर्दोष सुटलाय. काय करावं?

सरसकट काढू नका. एकदा काढलीत तर उद्या वाळूवाला आणि परवा माजी सभापती रांगेत उभा राहील. पण जशीच्या तशी ठेवणंही अन्यायाचं आहे, कारण त्या माणसाच्या मुलीचं लग्न ठरताना तीच बातमी आधी सापडते. निकालाची प्रत मागा. मिळाली की त्याच दिवशी जुन्या बातमीच्या वर, मथळ्याच्याही आधी, निकालाची तारीख आणि न्यायालय यांसह निर्दोष सुटल्याची ओळ टाका. व्हिडिओ असेल तर शीर्षक आणि थंबनेल बदला. अटकेची बातमी ज्या चॅनेलवर गेली होती, तिथे सुटकेचीही पाठवा.

अपवाद दोन. आरोपी तेव्हा अल्पवयीन होता किंवा बातमीतून पीडितेची ओळख पटते, तर ओळख पटवणारा मजकूर लगेच काढा (प्रश्न १८). आणि शेताच्या बांधावरची हाणामारी असं किरकोळ प्रकरण असेल, दोन्ही घरं आता एकत्र नांदत असतील आणि दोघांनीही मिळून विनंती केली असेल, तर नावं काढून बातमी ठेवा. एकट्यानेच येऊन "समोरच्याची हरकत नाही" असं सांगितलं, तर आधी समोरच्या घरी जाऊन विचारा.